खतावर फिरलेला रोलर

बाबा डंपिंगवर रोलर चालवतात. कचऱ्यावर मातीचा थर पडला की तो दाबून सपाट करायचा, हे त्यांचं काम. माझ्या कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तिथल्या जुन्या, बंद भागात दोन चौकोनांपुरती जागा त्यांनीच साहेबांना विचारून मिळवून दिली.

एका चौकोनात नेहमीची माती राहू दिली. दुसऱ्यात मी मुरलेलं कंपोस्ट हातभर जाड पसरलं. कचरा आत कुजताना मिथेन वायू सुटतो, आणि कंपोस्टमधले काही जिवाणू तो वर येता येताच खाऊन टाकतात, असं वाचलं होतं. खरं सांगायचं तर माझा पुरता विश्वास नव्हता. पण काही आठवड्यांनी कंपोस्टवर मिथेन मोजायच्या मीटरचा आकडा मातीपेक्षा खाली आला, तेव्हा कोपरखैरण्याला घरी पोचेपर्यंत मी आकडे लिहिलेला तोच कागद पुन्हा पुन्हा बघत होते.

शुक्रवारी कॉलेजच्या मॅडम आकडे तपासायला येणार होत्या. त्यावरच प्रोजेक्ट पास व्हायचा होता. त्याच आठवड्यात सोमवारी गेले, तर कंपोस्ट अंगणासारखं गुळगुळीत आणि आकडा मातीच्या बरोबरीला!

"तुजी मॅडम येनार ना? म्हटलं, पोरीचं काम जरा नीट दिसू दे," बाबा रोलरवरून हसत म्हणाले.

घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच; बाबांना त्यांच्या कामातलं काय सांगणार? डबा खाताना हळूच म्हटलं, "बाबा, त्या जिवाणूंना हवा लागते. दाबलं की ते गुदमरतात."

त्यांनी मान वळवून चौकोनाकडे पाहिलं. "दिसत तर काय नाय."

"मीटरवर दिसतं."

डबा बंद करून ते त्या चौकोनापाशी गेले. मग म्हणाले, "अर्धंच उकर. अर्धं माजं राहू दे. बघू कोन जिंकतं."

शुक्रवारी मॅडम आल्या आल्या बाबाच पुढे झाले. "मॅडम, रोलर मी फिरवला. तिचे मार्क कापू नका."

मॅडमनी आधी मीटर धरला. दाबलेला भाग तसाच होता. उकरलेल्यावर आकडा थोडा उतरला होता. थोडाच, पण उतरला होता.

"हेही वहीत लिही," त्या म्हणाल्या. "रोलरसकट. पास होशील."

बाबांनी खाली बसून मोकळ्या कंपोस्टमध्ये हात खुपसला. "हरलो गं. पन पावसात चिखल झाला की हे हवा कुटून घेनार?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीचं पान उलटलं आणि बाबांचा प्रश्न लिहून घेतला.