शमीमच्या मशीनवर चोरीचं चालायचं नाही

शमीम गेल्याचं मला कळलं ते आमच्या लोहाऱ्याच्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. ब्लाऊजच्या कापडाला कात्री लावत होते, तेवढ्यात फोन वाजला. ‘आपल्या गावाला कंप्यूटर शिकवणाऱ्या शमीमआपा आज पहाटे गेल्या. भावपूर्ण श्रद्धांजली.’ पाठवणारा विकास, स्टँडजवळ कंप्यूटर दुरुस्त करतो तो. खाली एकामागून एक जोडलेले हात. मी कात्री टाकली, चप्पल शोधत होते, तर त्याच विकासचा दुसरा मेसेज... ‘सर्व सॉफ्टवेअर फुल व्हर्जन, लाइफटाइम, दुकानात येऊन टाकून मिळेल.’ श्रद्धांजलीच्या बुडाखाली चोरीच्या मालाची जाहिरात! मला शिसारी आली. महिना होत आला तरी ती जात नाही, म्हणून हे लिहायला बसले.

तहसीलसमोर शमीमचं दुकान. टायपिंग, झेरॉक्स, लग्नपत्रिका, ऑनलाइन अर्ज. माझं शिलाईचं दुकान तिच्या भिंतीला भिंत लावून, त्यामुळे तिची भांडणं मला घरबसल्या ऐकायला मिळायची आणि ती भांडायची भरपूर. तिच्या मशीनवरही सुरुवातीला विकासनं टाकून दिलेलं चोरीचंच सगळं होतं. त्यातून शिरलेला व्हायरस गिऱ्हाइकांच्या पेन ड्राइव्हमधून गावभर हिंडला आणि शाळेतल्या एका बाईंची मुलांच्या निकालाची फाइल घेऊन गेला. बाई दुकानात येऊन रडल्या. विकास म्हणाला, “होतंय असं, परत टाकून देतो.” शमीमनं त्याला पुन्हा पायरी चढू दिली नाही. मला म्हणाली, “सुमन, लोकं माझ्या हातात आधार देतेत, पासबुक देतेत, अंगठा देतेत. अन् म्या ते चोराच्या कुलपात ठेवू व्हय?”

मग तिनं लातूरला शिकणाऱ्या भाच्याला बोलावलं आणि चारही मशीनवर मुक्त सॉफ्टवेअर टाकून घेतलं. कुणीही घ्यावं, वाटावं, आत डोकावून दुरुस्त करावं, अशा परवानगीनंच दिलेलं. तिला वाटलं, गाव खूश होईल. गाव म्हणालं, “फुकटचं हाय? मग त्यात काय दम असणार?” विकासचं मात्र ‘फुल व्हर्जन’, कारण मूळ वस्तू महाग! उचललेल्या महाग मालाला मान आणि राजरोस हातात ठेवलेल्या वस्तूला नाकं मुरडायची. या वृत्तीचा मला अजून वीट येतो.

अडचणी नव्हत्या असं मी म्हणणार नाही. तिची फाइल फ्लेक्सवाल्याकडं उघडली की चित्रं जागा सोडून पळायची. एकदा पत्रिकेवरचा गणपती नवरीच्या नावावर जाऊन बसला आणि नवरदेवाचे चुलते काम उचलून दुसरीकडं गेले. माझ्या बिलांसाठी तिनं मलाही तेच वापरायला लावलं, तेव्हा पहिले काही महिने मी तिला रोज शिव्या घातल्या. पण माझ्या कशिद्याच्या मशीनला कंपनीचंच सॉफ्टवेअर लागतं म्हटल्यावर तीच म्हणाली, “मग ते पैशे देऊन घे. चांगली वस्तू हाय, करणाऱ्यानं कष्ट केलेत. घ्यायचं तर दाम देऊन घे, न्हायतर वाटून दिलेलं घे. तिसरा रस्ता आपला न्हाय.” छोट्या दुकानदारानं काय वापरावं, याचं एवढं सरळ उत्तर मला दुसऱ्या कुणी दिलं नाही.

बाजाराच्या दिवशीची एक गोष्ट सांगते. चौकातल्या कापड दुकानात एका बाईच्या पिशवीत ब्लाऊजपीस सापडला. शेठनं तिला पायरीवर उभं करून माणसं गोळा केली. बाई पदरात तोंड घालून उभी. शमीम गर्दीतून वर चढली. “शेठ, तुमचा कंप्यूटर पण आणा की हितं पायरीवर. बिलाचं सॉफ्टवेअर कुठून उचललंय, ते पण कळू द्या लोकांला.” सगळे हसले. शेठ सर्वांत मोठ्यानं हसला. “आपा, ते काय चोरी असतंय व्हय? समदेच वापरतेत!” ती बाई तशीच उभी होती. शेठच्या दुकानाचं काम त्या दिवसापासून शमीमकडं यायचं बंद झालं आणि तिच्या शोकसभेत पहिलं भाषण याच शेठचं. आपांचा प्रामाणिकपणा म्हणे गावाला वाट दाखवणारा! मी उठून बाहेर आले.

आता दुकान तिची सून नसरीन बघते. शमीमचा मुलगा सोलापुरात नोकरीला. तो म्हणाला, गिऱ्हाईक टिकवायचं तर सगळ्यांसारखं ठेव. विकास तर टपूनच होता. “माझ्याकडून आपांना श्रद्धांजली” म्हणत त्यानं फुकटात चारही मशीन पुसली आणि आपलं ते फुल व्हर्जन भरलं. मी नसरीनवर चिडले. ती शांतपणे म्हणाली, “मावशी, अम्मीला लोकं भ्यायचे. मला कोण भितंय? दुकान चाललं न्हाय तर मी काय करू?” तिचं पोट त्या दुकानावर आहे.

जाताना विकासनं शमीमचा ईदचा हसरा फोटो पहिल्या मशीनच्या पडद्यावर लावला. “बघा काकू, आपा कायम दुकानातच.” डोळ्यांत खरंच पाणी होतं त्याच्या. त्या पाण्याचीही मला किळस आली.

गेल्या आठवड्यात चहा घेऊन गेले, तर नसरीन पडद्याकडं बघत बसलेली. फोटोच्या उजव्या कोपऱ्यात, शमीमच्या खांद्यावर, फिकट अक्षरं उमटली होती : ही प्रत अधिकृत नाही. तिनं विकासला फोन लावला. तो म्हणाला, “काही नाही, अजून एक फाइल पाठवतो. तेवढा अँटीव्हायरस बंद करून ठेवा.” समोर सास्तूरहून आलेले एक आजोबा आधार कार्ड आणि पासबुक पुढं धरून उभे होते. नसरीननं ते हातात घेतलं, पुन्हा पडद्याकडं पाहिलं आणि त्यांना परत दिलं.

“आजोबा, आज न्हाय. आधी हे मशीन साफ करू द्या, मग तुमचं आधार खात्याला लावते. परवा या.”

“आपा असत्या तर माघारी धाडलं नसतं,” आजोबा पुटपुटले.

नसरीननं बटण दाबलं आणि फोटोसकट मशीन बंद केलं.