मावशींनी गाडी खाली आणली

माझ्या घरमालकीणबाईंनी आयुष्यात कुठल्याही वस्तूशी जुळवून घेतलं नाही. वस्तूनंच त्यांच्याशी जुळवून घ्यायचं, असा त्यांच्या घरातला कायदा होता आणि तो लाकूड, लोखंड, सिमेंट या सगळ्यांना सारखाच लागू होता. त्यांची उंची पावणेपाच फूट. चंदीगडच्या सेक्टर बावीसमधल्या जुन्या घराचा खालचा मजला त्यांचा आणि गच्चीवरची खोली माझी. जेवण मात्र दोन्ही वेळचं त्यांच्याकडे. पहिल्या दिवशी हात धुवायला बेसिनपाशी गेलो तर आरशात मला माझ्या शर्टाची तिसरी गुंडी दिसली. स्वयंपाकाचा ओटा त्यांनी गवंडी लावून वीतभर उतरवून घेतला होता. खिडक्यांच्या कड्या, दिव्यांची बटणं, देव, कॅलेंडर, सगळं घर एक पायरी खाली उतरून त्यांच्या पुढ्यात उभं होतं. मी पडलो सहा फुटांचा सांगलीकर. त्या घरात मी चार वर्षं काढली आणि त्यातली निदान दोन तरी वाकून काढली.

त्या मूळच्या नागपूरच्या. सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत मोजमापाची उपकरणं तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. लग्न केलं नाही. "जमलं नाही का?" असं एका आगाऊ मुलीनं विचारलं तेव्हा "जमलं होतं, मापात नव्हतं," एवढंच त्या म्हणाल्या आणि आमटी वाढायला लागल्या. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी मोजण्याची खोड गेली नव्हती. त्यांच्या स्वयंपाकघरात लाटण्याशेजारी व्हर्नियर कॅलिपर टांगलेला असे. पोळी जाड झाली असं मी एकदा चुकून बोललो, तर त्यांनी ताटातली पोळी उचलून माझ्यासमोर मोजली. पोळी बरोबर निघाली, त्यामुळे मला एक जास्त खावी लागली. "अंदाज हा शब्द आळशी माणसानं काढला बाप्पा," असं त्या म्हणत.

चंदीगडला शिकायला आलेली मराठी मुलं त्यांना मावशी म्हणत, आणि त्याचं कारण त्यांची पिकअप. पुढे दोन माणसांची केबिन, मागे उघडा हौदा, रंग एके काळी निळा असावा. प्रयोगशाळेच्या लिलावात कोणी बोली लावेना तेव्हा दया येऊन त्यांनी ती घेतली होती. विद्यापीठाचं वसतिगृह सुटलं, खोलीमालकाशी भांडण झालं, मोहालीत स्वस्त जागा मिळाली, की मुलं मावशींना फोन करत. रविवारी सकाळी मावशी गाडी घेऊन हजर. गाद्या, कूलर, सायकली, परीक्षेच्या पुस्तकांची खोकी, सगळं हौद्यात चढायचं. मावशी भाडं घेत नसत. नव्या खोलीतला पहिला चहा मात्र त्यांना लागे. त्या चहापुरत्या बसत, खोलीची लांबी-रुंदी टेपनं मोजत आणि घरमालकानं सांगितलेल्या मापात किती फसवलं ते सांगून निघून जात.

अडचण एकच होती. गाडी उंच होती. मावशी दाराची दांडी धरून, डावा पाय पायरीवर रोवून झोका घेत आणि आत जाऊन पडत. ते पाहताना विहिरीत उडी मारणाऱ्या माणसाची फिल्म उलटी फिरवल्यासारखं वाटे. सत्तरीला टेकेपर्यंत हे चाललं. मग एका सकाळी झोका घेताना पाय सटकला आणि त्या डाव्या गुडघ्यावर आपटल्या. दीड महिना पाय प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा, गाडीही चालवा, पण या पायावर जोर देऊन चढायचं नाही. पुण्याहून त्यांच्या भाच्याचा फोन आला. "मावशी, आता ती गाडी विकून टाक आणि इकडे ये," तो म्हणाला. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे मला ऐकू आलं.

"काहून?" मावशींनी विचारलं.

"काहून म्हणजे? तुला चढता येत नाही."

"मले चढता येते. गाडी उंच आहे. चूक गाडीची आहे."

आधी त्यांनी स्टुलाचा प्रयोग केला. स्टुलाला नायलॉनची दोरी बांधायची, स्टुलावरून आत शिरायचं आणि दोरीनं स्टूल वर ओढून घ्यायचं. चार दिवस ते छान चाललं. पाचव्या दिवशी स्टूल ओढून घ्यायचं राहिलं. बस स्टँडच्या चौकापर्यंत ते गाडीमागून उड्या मारत आलं, आणि मागची वाहनं हॉर्न वाजवत होती तर मावशी खिडकीतून हात हलवून त्यांना नमस्कार करत होत्या. जादा पायरी बसवा असं मी सुचवलं. त्यावर त्या म्हणाल्या, एका उंच पायरीऐवजी दोन पायऱ्या म्हणजे गुडघ्याला दोनदा त्रास. नवी, बुटकी गाडी घेण्याचा विषय तर काढायचाच नव्हता. जुन्या गाडीवर नवा पैसा घालायचा नाही आणि जुनी गाडी असताना नवी घ्यायची नाही, असे त्यांचे दोन नियम होते.

शेवटी एका दुपारी त्यांनी मला खाली बोलावलं. दिवाणखान्यात जुन्या वर्तमानपत्रांची चळत रचून ठेवली होती. त्या भिंतीला धरून डावा पाय चळतीवर ठेवत, चढून पाहत आणि दुखलं की म्हणत, "दोन काढ." मी दोन अंक काढायचो. पुन्हा पाय, पुन्हा "दोन काढ." तासाभरानं त्या न थांबता, ओठ न आवळता चढल्या. "आता मोज," म्हणाल्या. मी मोजली. त्यांनी वहीत तारीख घातली, 'डावा गुडघा' असं लिहिलं आणि पुढे आकडा. मग अंगणात जाऊन गाडीच्या पायरीची उंची घेतली आणि वजाबाकी केली. "साठ मिलिमीटर," त्या म्हणाल्या. "गाडी साठ मिलिमीटर खाली आली की झालं." आपला गुडघा किती उरला आहे हे इतक्या शांतपणे मोजणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी वर्तमानपत्रं तारखेप्रमाणे लावत बसलो.

मनीमाजऱ्याच्या बाजारामागे एका म्हाताऱ्या सरदारजींचं गॅरेज होतं. मावशींनी काम सांगितलं तेव्हा ते हात पुसत बाहेर आले.

"बहनजी, सारा पंजाब मेरे पास गड्डी उच्ची कराने आता है," ते म्हणाले. "नीवीं कराने आप पहले आए हो."

"बाकी सब लंबे होंगे," मावशी म्हणाल्या.

गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांपाशी पोलादी पाट्यांची एकेक चळत असते आणि त्यांच्या कमानीवर गाडीचं नाक तोललेलं असतं. चळतीतले मधले पाटे काढले की कमान बसते आणि गाडी खाली येते. नवा भाग एकही लागत नाही. मावशींना ही युक्ती आवडली ती त्यासाठीच. सरदारजींनी धोका सांगितला, की दोन दोन पाटे काढले तर खड्ड्यात एक्सल वर ठोकेल. "कितना ठोकेगा?" मावशींनी वही उघडून विचारलं. "कितना क्या जी, ठोकेगा," सरदारजी म्हणाले. मजुरीवरून थोडं वाजलं. "लगा तो कुछ नहीं रहे, सिर्फ निकाल रहे हो," असं मावशींचं म्हणणं. "डॉक्टर भी अपेंडिक्स निकालता ही है, बहनजी," सरदारजी म्हणाले. मावशींनी वही मिटली.

तोड निघाली ती अशी. सरदारजींचा टायरची हवा मोजायचा काटा मावशींनी सहज हातात घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला. टायरला न लावताच काटा चार पौंड दाखवत होता. सरदारजी खुर्चीवर बसले. इतकी वर्षं आपण गिऱ्हाइकांच्या टायरमध्ये हवा कमी भरत आलो, हे त्यांच्या मनाला फार लागलं. मावशींनी तो काटा घरी नेला, दोन दिवस खपून बरोबर केला, आणि त्या बदल्यात सरदारजींनी पाटे काढले. आधी एकेक काढला, गाडी इंचभर बसली. दुसरा काढल्यावर मावशी टेप घेऊन वाकल्या. एकोणसाठ. "चलेगा?" सरदारजींनी विचारलं. मावशींनी दांडी धरली, डावा पाय ठेवला आणि कोपऱ्यावरच्या दुकानाची पायरी चढावी तशा आत जाऊन बसल्या. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. "चलेगा," त्या म्हणाल्या.

त्यानंतर ती गाडी पाणी प्यायला वाकलेल्या म्हशीसारखी दिसू लागली. चंदीगड हे गोल चौकांचं शहर आणि प्रत्येक चौकात पूर्ण वळण घेताना पुढचं टायर मडगार्डला घासे. सरदारजींनी मडगार्डची कड ठोकून आत वळवली तेव्हा ते थांबलं. खड्ड्यांचं मावशींनी स्वतः पाहिलं. कुठल्या सेक्टरच्या कुठल्या रस्त्यावर खड्डा कितव्या झाडापाशी आहे, हे त्यांना पाठ झालं. सामान भरायची पद्धतही बदलली. जड खोकी हौद्याच्या अगदी मागच्या टोकाला, म्हणजे नाकावरचा भार कमी. एकदा वाहतूक पोलिसानं थांबवून "मैडम, गड्डी मॉडिफाई कराई है?" असं विचारलं. "मॉडिफाई नहीं, दुरुस्त," असं म्हणून मावशी खाली उतरल्या, पुन्हा चढल्या, पुन्हा उतरल्या. तिसऱ्यांदा त्या चढायला लागल्या तेव्हा पोलिसानं स्वतः दार धरलं आणि "हौली जाना जी," म्हणजे सावकाश जा, असं म्हणून त्यांना सोडून दिलं.

हिवाळ्यात भाचा आला. चांगला मुलगा, मावशीवर जीव असलेला, आणि म्हणूनच हट्टी. त्यानं परस्पर एका गाड्यांच्या दलालाला बोलावून ठेवलं होतं. दलाल आला, त्यानं गाडीला एक फेरी मारली, पुढे वाकून पाहिलं आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग उठून म्हणाला, "इसमें से तो कमानियाँ निकली हुई हैं. माल ढोने के काम की नहीं रही. ये किसने किया?"

"मैंने," मावशी म्हणाल्या.

"तो फिर जी, ये गड्डी अब आपके ही काम की है." दलाल चहा न घेता गेला.

भाचा माझ्याकडे रागानं पाहत होता. वर्तमानपत्रं मीच काढली होती हे त्याला कळलं असावं.  मावशींनी किल्ली घेतली आणि म्हणाल्या, "चल, बस. आज एका पोराचं सामान न्यायचं आहे." त्या आत चढल्या तेव्हा भाचा दाराशी दोन्ही हात पुढे करून उभा होता, पडल्या तर धरायला. धरावं लागलं नाही. संध्याकाळी तो माझ्या खोलीत आला आणि गच्चीच्या कठड्याला टेकून म्हणाला, "घरी आम्ही तिला सांगतो, बस, आराम कर. आज सात जणांनी तिला चहासाठी थांबवलं." पुण्याचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. जाताना गाडीत ठेवायला एक जाड उशी मात्र आणून दिली. मावशींनी ती मोजून परत केली, कारण तिच्यावर बसल्यावर पाय ब्रेकपर्यंत पोचत नव्हता.

माझं शिक्षण संपलं आणि मी बंगळुरूला आलो. स्टेशनवर मावशीच सोडायला आल्या, आणि पाठ असलेल्या खड्ड्यांतला एकही त्यांनी त्या दिवशी चुकवला नाही. आता आमचा रविवारी फोन होतो. मुलं हल्ली सामान न्यायला मोबाईलवरून टेम्पो बोलावतात, असं त्या सांगतात. त्यात तक्रार नसते. टेम्पोवाले खोकी कशी चुकीची लावतात तेवढं सविस्तर असतं. शनिवारी त्या गाडी धुऊन ठेवतात. रविवारी सकाळी दहापर्यंत फोनपाशी असतात, मग स्वयंपाकाला लागतात.

मागच्या आठवड्यात मी त्यांना सांगितलं, की विद्यापीठात दोन दिवसांचं काम आहे, येतोय.

"स्टेशनवरून कसा येशील?" त्यांनी विचारलं. "म्हणजे, रिक्षानं येशील की काय? सामान किती आहे?"

मी पलंगावरच्या एकुलत्या एका हँडबॅगेकडे पाहिलं.

"बरंच आहे, मावशी," मी म्हणालो. "गाडी लागेल."