डाव्या पायाचा बूट

शिवरामभाऊ गेल्याचे शाळेच्या शिपायाने सांगितले. त्याच्या पायात त्यांनीच शिवलेले सरकारी बूट होते. कागदोपत्री मात्र ते ठाण्याच्या एका ठेकेदाराचे. महिना उलटला, तरी ते बूट दिसले की किळस येते.

कल्याणच्या चांभारआळीत भाऊ वीस वर्षे त्या ठेकेदारासाठी सरकारी बूट शिवत होते. स्वराज्य आल्यावर जाहीर झाले की असे काम आता कारागिरांच्या सोसायट्यांनाही मिळेल. भाऊंनी आळीतल्या सात घरांची सोसायटी काढली आणि अर्ज घेऊन माझ्याकडे आले. त्यात एक रकाना होता : पूर्वी केलेले सरकारी काम.

"लिवा की मास्तर, समदं मीच शिवलंय."

"दाखला लागतो, भाऊ. काम ठेकेदाराच्या नावावर आहे."

"मग हे हात बी त्याच्याच नावावर हायेत का?"

मी हसलो आणि सुवाच्य अक्षरात 'नाही' लिहिले...

अर्जासोबत दिलेल्या नमुन्याच्या जोडीतला उजवा बूट ठाण्याची सरकारी कचेरी ठेवून घेई आणि डावा लाखेचा शिक्का मारून कारागिराला परत देई, पुढचा माल ताडून पाहता यावा म्हणून. टाचेच्या आत लाल दोऱ्याचे तीन टाके ही भाऊंची प्रत्येक बुटातली खूण. पंधरवड्याने ठेकेदाराचा मुकादम तोच उजवा बूट घेऊन आळीत आला. "अस्से बनवायचे. साहेबांना नमुना पसंत आहे." भाऊंनी आत बोट घालून टाके चाचपले.

आम्ही ठाण्याच्या कचेरीत गेलो. साहेबांनी मला खुर्ची दिली. भाऊ दारातच उभे. "माल उत्तम आहे हो, पण अनुभव नाही. तुम्हीच लिहिलंय."

"पयलं काम दिल्याबिगर अनुभव कुठनं आणू, सायेब?"

साहेबांनी चहा मागवला. एकच कप आला, आणि तो मी प्यालो. साहेबांची शिसारी येतेच. त्या कपाची अधिक येते. परतताना भाऊंनी एवढेच विचारले, "च्या गोड व्हता का, मास्तर?"

पुढे ते बूट त्यांनीच शिवले, ठेकेदारासाठी, मरेपर्यंत.

भेटायला गेलो तेव्हा वहिनींनी फडक्यात गुंडाळलेला डावा बूट माझ्या हाती दिला. लाख शाबूत होती. गेल्या आठवड्यात आळीतली माणसे नवा अर्ज घेऊन आली. रकाना तोच होता. मी 'होय' लिहिले आणि दाखल्याच्या जागी 'टाचेच्या आतले टाके पाहावेत' असे लिहून तो बूट अर्जाला बांधून दिला. अर्ज परत येईल, ठाऊक आहे. पण साहेबांना नकार लिहिण्याआधी त्या बुटात बोट घालावे लागेल.