हैबतीचा निळा बोकड

माझ्या नातवाचं नाव हैबती. हे माझ्या सासऱ्यांचं नाव, म्हणून मी ते तोंडानं कधी घेतलं नाही. त्याला मी आबा म्हणते. कागदावर मात्र लिहिणार, कारण ज्या माणसानं दोन महिने मला एवढा वैताग दिला, त्याचं नाव तरी पुरतं लिहायला हवं.

हैबती ट्रक चालवतो. बिरवाडीच्या एका शेठचा ट्रक. कारखान्यातली पिंपं भरायची, कशेडी घाट चढून खेडला उतरवायची आणि रिकामं परत यायचं. सतराव्या वर्षी क्लीनर म्हणून बसला, बाविसाव्या वर्षी ड्रायव्हर झाला. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. घरात आम्ही तिघं, मी, तो आणि त्याची बायको संजीवनी. शिवाय माझी पाच शेरडं, जी या सगळ्यांत शहाणी.

२००६ च्या श्रावणात, घाट उतरताना, मोठं वळण संपतं तिथं डाव्या अंगाचा रस्ता ट्रकखाली खचला. मागचं चाक दरीवर लोंबकळत राहिलं. हा आणि क्लीनर उजव्या दारानं बाहेर पडले, खरचटलंसुद्धा नाही. क्रेननं ट्रक ओढून काढला. देवानं राखलं असं सगळे म्हणाले, मीही नारळ फोडला. पण हैबती त्या दिवशी घाटात राहिला तो राहिलाच, घरी आला तो नुसता जेवणारा माणूस.

पंधरा दिवसांनी शेठनं पुन्हा खेप दिली. चढताना डोंगर डाव्या हाताला असतो, तेव्हा हा नीट गेला. उतरताना डाव्या हाताला दरी. घाटमाथ्यावर आला, हॉटेलाच्या अंगणात ट्रक लावला, चावी हॉटेलवाल्याकडे दिली आणि एसटीनं घरी आला. एसटीतही डोळे मिटून बसला होता म्हणे.

शेठ वाईट माणूस नाही. सदू नावाच्या दुसऱ्या ड्रायव्हरला पाठवून त्यानं ट्रक आणवला आणि निरोप धाडला. दसऱ्याला जो ड्रायव्हर ट्रकची पूजा करतो, वर्षभर ट्रक त्याचा, ही त्यांच्याकडची रीत. तर दसऱ्याच्या आत हैबतीनं खेडची एक खेप नेऊन परत आणून दाखवावी, नाहीतर पूजेला सदू बसेल. आणि ट्रक गेला तर आमच्या हैबतीला दुसरं काही येत नाही. नांगर त्याच्या हातात दिला तर बैल लाजतात.

एवढा निरोप ऐकून या पठ्ठ्यानं काय करावं? माळ्यावर चढला आणि गोणपाटात बांधलेलं खेळाचं मशीन खाली काढलं.

ते मशीन महाडच्या एसटी स्टँडजवळच्या दुकानातलं. हा क्लीनर होता तेव्हा ट्रक भरेपर्यंत तिथं जाऊन बसायचा. पुढं दुकानवाल्यानं मोबाईल विकायला काढले, तेव्हा हैबतीनं त्याचं सामान ट्रकमधून पोचवलं आणि त्या बदल्यात हे घरी आणलं. वायरी टीव्हीला जोडायच्या, हातात दोन शिंगांचा डबा धरायचा, मग पडद्यावर एक निळा बोकड येतो. दोन पायांवर उभा. त्यानं उड्या मारत डोंगर चढायचा, वर एक घंटा आहे तिला टक्कर द्यायची. नुसतं डावं-उजवं नाही, आत-बाहेरही जायचं, अगदी खरा डोंगर असल्यासारखं. त्या काळात तसा खेळ नवा होता, दुकानात रांग लागायची, असं तो मोठ्या कौतुकानं सांगायचा. तेव्हा हा बोकड घंटेपर्यंत नेणं त्याच्या डाव्या हाताचा मळ होता.

आता त्याच बोकडाला दुसऱ्या वळणापुढं जाता येईना. सकाळी बसला की पड, चढ, पड. बोकड पडताना असा काही ओरडायचा की माझी शेरडं गोठ्यातून उत्तर द्यायची. त्यात भारनियमन. दिवे गेले की बोकड पुन्हा पायथ्याशी, आणि हा डबा मांडीवर घेऊन काळ्या पडद्याकडं बघत दिवे यायची वाट पाहणार. भात पिवळं पडायला लागलं तरी बांधावर याचं पाऊल नाही.

संजीवनीला चौथा महिना होता. ती बिचारी आधी गोडीनं बोलली, मग भांडली, मग नुसती भांडी आपटायला लागली. एक दिवस मला म्हणाली, "आजी, तुम्हीच सांगा आता. माझं बोलणं आलं की त्यांचे कान बंद."

"कान उघडे हायत गो. मधेच कुठं तरी अडकतंय," मी म्हटलं.

दसऱ्याला आठ दिवस राहिले तेव्हा मी सूप घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, बघू तरी हा बोकड मरतो कशानं. तांदूळ पाखडून झाले तोवर बोकड सतरा वेळा पडला. अठराव्या वेळी मी विचारलं, "आबा, पडतो का रे तो?"

"पुढचं दिसत नाय."

मग त्यानं समजावलं. लग्नात व्हिडिओवाला नवऱ्यामुलाच्या मागं मागं फिरतो ना, तसा या खेळात एक न दिसणारा माणूस बोकडाच्या मागं फिरतो. त्याला जे दिसतं तेच आपल्याला दिसतं. बोकड कातळाला चिकटून चालला की व्हिडिओवाला कातळात अडकतो. मग पडद्यावर नुसता दगड. त्यात उडी मारली की बोकड गेलाच.

"मग डोंगर सोडून चालव ना."

"तिकडं दरी हाय."

"अरे, चित्रातली दरी."

बोकड पुन्हा कातळाला अंग घासत निघाला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आमच्याकडं पोर चालायला लागलं की पहिलं हेच शिकवतात, पायवाटेला डोंगराच्या अंगानं चाल, दरीच्या अंगानं चालू नको. याला मीच शिकवलं होतं, कमरेत चापट मारून. ट्रकात बसल्यावर तो ते विसरला होता. रस्ता खचला आणि आजीची चापट परत आठवली.

मला माझाच राग आला, पण तो मी त्याच्यावर काढला. म्हटलं, "बोकड हाय ना तो? माझी पाच शेरडं बघतोस रोज. एक तरी डोंगराला घासून चालते? बाहेरच्या अंगाला जातात ती. तिथला पाला कुणी खाल्लेला नसतो, नि तिथनं पुढची वाट दिसते. बोकडाला माणसासारखा कशाला चालवतोस?"

"आजे, तू गप बस."

पण त्यानं बोकड एक पाऊल बाहेर घेतला. दगड पडद्यावरून सरकला आणि सगळी वाट दिसली, पार वरच्या वळणापर्यंत. हैबतीच्या कपाळाला घाम आला होता. चित्रातल्या बोकडापायी आजीसमोर घाम पुसणारा ड्रायव्हर मी पहिल्यांदा बघितला. बोकड दोनदा पडला, तो मात्र बाहेरच्या अंगानंच चालवत राहिला.

घंटा वाजायला तीन दिवस गेले, त्यातला एक दिवस दिव्यांनी खाल्ला. शेवटी वाजली. रंगीत कागद उडाले, अक्षरं आली, आणि बोकड मुकाट्यानं पुन्हा पायथ्याला उभा.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. मागंही एवढंच होतं," तो म्हणाला, आणि वायरी गुंडाळायला लागला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यानं ट्रक भरला. क्लीनर तोवर दुसऱ्या गाडीवर गेला होता, आणि डाव्या बाजूला बसून रस्ता किती उरला ते सांगणारं माणूस हवंच. संजीवनी तयार होती, पण तिला त्या हादऱ्यांत कोण बसू देणार? माझी लेक खेडला असते. मी म्हटलं, मी येते, लेकही भेटेल. हैबतीनं मला पोत्यासारखी उचलून वर बसवली.

जाणं काही सांगण्यासारखं नाही. पिंपं उतरवली, लेकीकडं जेवलो, तिनं दोन भोपळे दिले. घाटमाथ्यावर पोचल्यावर हैबतीनं ट्रक थांबवला. इंजिन चालू. तो मेला हॉटेलवाला त्याला ओळखून चावीसाठी हात पुढं करतच आला. हैबतीनं त्याच्याकडं बघितलं आणि गियर टाकला.

माझ्या खिडकीखाली आता नुसती दरी. मी भोपळा घट्ट धरला.

"जागा हाय का?"

"हाय."

"किती?"

"बैलगाडी जाईल एवढी."

"फुटात सांग, आजे."

"मला फूट कळत नाय. शेरडू बसून रवंथ करील एवढी."

असे आम्ही उतरलो. जिथं रस्ता खचला होता तिथं नवी भिंत बांधली होती, तरी त्याचा पाय ब्रेकवर गेलाच. मागून एसटीवाला हॉर्न मारून मारून थकला, मग डोकं बाहेर काढून त्यानं आमच्या सात पिढ्या काढल्या. हैबतीचा पाय ब्रेकवरून उठेना. मी म्हटलं, "शेरडू बसलंय, नि वर त्याचं करडूही मावेल." त्यानं ब्रेक सोडला.

पोलादपूरला पोचल्यावर मला वाटलं, आता चहा पाजील. त्यानं मला उचलून खाली उतरवलं, भोपळे माझ्या पायाशी ठेवले.

"आजे, बस इथं. मी माथ्यावर जाऊन परत येतो."

"आता कशाला रे?"

"एकटा जाऊन येतो."

आणि गेला. मी स्टँडच्या कठड्यावर दीड तास उन्हात बसले. तीन जणांनी भोपळ्यांचा भाव विचारला. चौथ्याला मी सांगणारच होते, तेवढ्यात ट्रक उतरताना दिसला, नेहमीच्या वेगानं, धूळ उडवत. माझ्यापुढं थांबला. आता पाया पडेल, निदान उन्हाचं विचारील, म्हणून मी पदर सावरला.

"चढ लवकर, आजे," तो म्हणाला, "मागं एसटी उभी हाय."