यील्ड की रिलेंट?
कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास आला की मला राजधानीतल्या द्वारका भागात, विमानतळाजवळच्या आमच्या फ्लॅटमधली एक दुपार आठवते. नोकरीसाठी मी इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करत होते आणि बाबा मला शब्द समजावून देत होते. शेजारच्या सेक्टरमधल्या एका पंजाबी मुलाशी मला लग्न करायचं होतं, पण कित्येक महिने तो विषय निघाला की बाबा उठून दुसऱ्या खोलीत जात. ‘सरेंडर’, ‘यील्ड’ आणि ‘रिलेंट’ यांत माझा नेहमी गोंधळ व्हायचा. ते म्हणाले, “अगं, हरल्यावर शस्त्रं खाली ठेवतात ते सरेंडर. समोरच्याला वाट करून दिली की यील्ड. आणि कठोर झालेलं मन मऊ पडलं की रिलेंट.” मी धीर करून विचारलं, “आणि बाबा, तुम्ही माझ्या लग्नाला हो म्हणालात, तर ते काय?” डोक्यावरून एक विमान गडगडत उतरलं, तेवढ्यात त्यांनी माझं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मग हळूच म्हणाले, “यील्ड... नाही, रिलेंटच. रविवारी जेवायला बोलाव त्याला. वरणभात चालतो ना?” मला हसूही आलं आणि रडूही. आता माझी लेक तिच्या हट्टावर अडून बसली आहे, आणि ‘नाही, रिलेंटच’ हे दोन शब्द बोलताना तुम्हाला किती जड गेलं होतं, हे विचारायला बाबा नाहीत.