केस पेपरवरची कुट्टी

माझ्या उजव्या हाताची दोन बोटं कंपनीतल्या प्रेस मशिननं नेली. पण दवाखान्याच्या केस पेपरवर लिहिलंय, 'घरी चारा कापायच्या कडबाकुट्टीत हात सापडला.' आणि हे खोटं सांगणारी मीच!

कामगार पुरवणारा कंत्राटदार आमच्या न्हावरे गावचाच. आम्ही सगळ्या बाया त्यांना आप्पा म्हणायचो. कामावर त्यांच्याच जीपनं जायचो, आणि त्या दिवशी त्याच जीपमधून मी रक्तबंबाळ दवाखान्यात गेले. शिरूर जवळ असून दौंडला नेलं. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून, हे मला मागाहून उमगलं. वाटेत आप्पा म्हणाले, "पोरी, डाक्टरला कुट्टी सांग. कंपनीचं नाव निघालं तर साऱ्या बायांच्या पोटावर पाय यील. तुझं मी बघतो." गावचं वडीलधारं माणूस. डॉक्टरनं विचारलं आणि मी कुट्टीच सांगितली. आमच्यात मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. जळो मेली ती रीत!

जखम भरल्यावर गेटवरूनच मला परत पाठवलं. आप्पा फोन उचलेनात. मग मी भरपाईचा दावा लावला आणि पुण्याच्या तारखा सुरू झाल्या.

कंपनीच्या वकिलानं तो केस पेपर पुढं केला. "हे तुम्हीच सांगितलं ना?" माझ्या वकिलानं बजावलं होतं, शुद्धीवर नव्हते म्हण. पण मी चांगली शुद्धीवर होते. एका खोट्यानं एवढं भोगलं, आता दुसरं कशाला?

"व्हय, मीच सांगितलं. आन् ते खोटं हाय."

"मग आज खरं बोलताय कशावरून?"

माझं डोकंच फिरलं. "सायेब, आमाला गुंठाभर रान न्हाई. भाड्याची खोली हाय. दारात शेरडूबी न्हाई. कुट्टी करून काय मी खाणार व्हते?"

आप्पा कंपनीकडून साक्षीला आले होते. निकाल देणाऱ्या साहेबांनी त्यांनाच विचारलं, "तुम्ही गावचे. यांच्या घरी कुट्टी पाहिलीत कधी?"

आप्पा खाली बघतच म्हणाले, "न्हाई."

अपघात कामावरच झाला, असा निकाल लागला. आता कंपनी अपिलात जाणार म्हणे. परवा कंपनीचा एक माणूस निरोप घेऊन आला. अपघात घरचाच होता एवढं लिहून दे, हवं ते देतो, मिटवून टाकू. सोबत टाइप केलेला कागद आणि पेन.

मी त्याला म्हटलं, "डाव्या हातानं सही करायला शिकलीय मी. पर ह्या कागदावर न्हाई करायची."