सुहासिनीबाईंचा ताबा

सुहासिनीबाई करंदीकर मुक्कामाला कुठे जात नसत. एवढं सांगितलं की कसबा पेठेत कुणालाही त्या ओळखता येत. पुतण्याचं लग्न नाशिकला झालं, तर अक्षता टाकल्या, उभ्या उभ्या चार घास खाल्ले आणि संध्याकाळच्या बसने परत. मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं, तर डोळ्यावर पट्टी तशीच ठेवून रिक्षाने घरी. बुधवारातल्या पुस्तकाच्या दुकानात काउंटरवर उभी हयात गेली. दुकानाची सहल निघाली की बाईंना नेमकी कणकण यायची. लोक म्हणत, बाईंना घराचं भारी वेड. वेड कसलं डोंबलाचं! भीती होती ती.

भाड्याच्या दोन खोल्या, भाडं जुनं, आणि आयटीवाल्यांचे पगार शहरात खेळायला लागल्यापासून पेठेतल्या वीतभर जागेलासुद्धा सोन्याचा भाव. बाईंचे यजमान गेले त्याच वर्षी वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड लेकीच्या बाळंतपणाला नागपूरला गेलं आणि परत येऊन बघतात तो दाराला दुसरंच कुलूप. मालकाने ताबा घेतला होता. मग कोर्ट, तारखा, आणि ते बिचारे धायरीला भावाच्या गच्चीवरच्या पत्र्याखाली. ते कुलूप बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून मालक, माधवराव शाळिग्राम, जिन्यात भेटले आणि "काय, यंदाही गावाला नाही?" म्हणाले, की बाई लगबगीने घरात शिरून आतून कडी घालायच्या.

अशात मेट्रो आली. पुतण्या आमोद हिंजवडीला नोकरीला, त्याला कोण आनंद! "काकू, एवढं शहर वाढलंय, गाड्या जमिनीखालूनच न्यायला हव्यात." न्या की बाबा, कुणी अडवलंय? पण एके दिवशी डोक्यावर पिवळी टोपी घातलेली एक इंजिनिअर मुलगी दारात येऊन म्हणाली, "आजी, बोगद्याचं मशीन तुमच्या इमारतीखालून जाणार आहे. धोका काही नाही, पण खबरदारी म्हणून आठवडाभर सगळ्यांनी हॉटेलात राहायचं. चहा, नाश्ता, जेवण, सगळी सोय आहे."

सगळी इमारत हरखली. बाईंना घाम फुटला.

"आणि परत आल्यावर माझं दार उघडेल ना?" त्यांनी विचारलं.

"हो, आम्ही सगळं तपासूनच परत पाठवू," मुलगी म्हणाली. तिला बिचारीला प्रश्नच कळला नव्हता.

तेव्हा बाईंनी जे केलं ते पुण्यातला भाडेकरूच करू जाणे. त्यांनी आमोदला बोलावलं आणि स्वतः आत राहून दाराला बाहेरून कुलूप लावायला सांगितलं. कुलूप बघून तपासणीवाले समजतील बाई गेल्या. आणि माणूस आत असल्यावर कुणाची टाप आहे ताबा घ्यायची? आमोद चिडला, "काकू, डोकं फिरलंय का तुझं?" म्हणाला. बाई रडल्या. पोरगं मऊ पडलं, कुलूप लावून किल्ली खिशात टाकून ऑफिसला गेलं.

इमारत रिकामी झाली. कुणाचा कुकर नाही, कुणाचा टीव्ही नाही. बाई दिवा न लावता, नळ बारीक सोडून, चोरासारख्या वावरत होत्या. स्वतःच्या घरात!

तिसऱ्या दिवशी दुपारी फरशी तळव्यांना गुदगुल्या करायला लागली. मग फळीवरचे स्टीलचे डबे एकमेकांवर वाजू लागले. बाई भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या, तर भिंतही थरथरत होती. इतक्यात धप्पकन आवाज झाला. गळक्या छताचा कधीचा फुगलेला गिलावा ओट्यावर पडला होता.

त्यांनी आमोदला फोन लावला. "काकू, निघालो! पण वाकडच्या पुलावर सगळं ठप्प आहे, तासभर तरी लागेल." तासभर! बाईंनी दार ओढलं, बडवलं. आपणच लावून घेतलेलं कुलूप ते, कसलं हलतंय! मग मात्र सगळा गुप्तपणा गेला चुलीत. "धावा हो! कुणी आहे का?" त्या जीव खाऊन ओरडल्या.

जिन्यात पावलं वाजली. रिकाम्या इमारतीत पावलं! ती दाराशी येऊन थांबली आणि कुणीतरी कुलूप हाताने हलवून पाहिलं.

"कोण आहे आत?" आवाज माधवरावांचा होता.

"मी आहे!" बाई किंचाळल्या. "घर रिकामं नाहीये! ताबा माझा आहे!"

"ताबा कसला घेऊन बसलात बाई, छत पडतंय! मागे सरा."

वरवंट्याचे चार घाव बसले आणि कडी निखळली. दारात माधवराव उभे, घामाने निथळत, ओठ पांढरे पडलेले. "तुम्ही हॉटेलात नाही गेलात?" बाईंनी विचारलं.

"मागच्या दाराने आत येऊन बसलोय. रिकामी इमारत बघून कुणी घुसलं तर?" ते धापा टाकत म्हणाले. "चला आता."

बाई उंबऱ्यात थबकल्या. "आधी लिहून द्या," त्या म्हणाल्या, आणि तेवढ्यात ओट्यावर आणखी एक पोपडा कोसळला. मग मात्र दोघंही जिना उतरत सुटले. रस्त्यावर येताच माधवराव छाती धरून समोरच्या दुकानाच्या पायरीवर मटकन बसले. बाईंनी दुकानदाराला डॉक्टर बोलवायला पिटाळलं आणि पदराने माधवरावांना वारा घालायला लागल्या.

"तुमचं दार सताड उघडं राहिलं," माधवराव पुटपुटले. "माझ्याकडे एक कुलूप आहे. लावून येऊ?" आणि गुडघ्यावर हात रेटून ते उठायला लागले.

माधवरावांचं कुलूप! बाईंनी वर आपल्या खिडकीकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे. तोंड राखेसारखं झालं होतं. आयुष्यात पहिल्यांदा बाईंना खोली जाण्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची जास्त भीती वाटली: हा माणूस आता तो जिना चढेल याची.

"राहू दे उघडं," त्या म्हणाल्या.

"अहो, पण कुणी शिरलं तर?"

"शिरू दे! बसा म्हणते ना!" बाई ओरडल्या, आणि डॉक्टर येईपर्यंत त्यांनी माधवरावांची बाही सोडली नाही.